पोरके पिलू आणि त्याचे पाणी
(प्राथमिक शिक्षकांच्या तालुका मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



निसर्ग-अभ्यासावर आज काही बोलावे अशी मला सूचना झाली. हा विषय निघाला की ओल्या टिपकागदावर उगवलेला वाटाणा, बाटलीत ठेवलेला सुरवंट आणि शाळेमागील परसबागेतले वाफे आपल्या डोळ्यांसमोर येतात. या सर्वांविषयी आपण पुष्कळ ऐकलेले आहे व पुष्कळ केलेलेही आहे. म्हणून आज मी एक अगदी लहानसा विषय निवडला आहे. बोटाच्या पेराएवढे माशाचे नाजूक पिलू घरातील काचेच्या टाकीत कसे जगवावे, एवढाच तो विषय होय.

विषय लहान असला तरी क्षुल्लक नाही. अशा टाक्या आता शिक्षकांच्या घरांतून आणि काही शाळांतूनही दिसू लागल्या आहेत. हौसेने मासे आणले जातात; मुले त्यांच्याभोवती गोळा होतात; आणि आठ-पंधरा दिवसांत मासे मरतात. पुन्हा नवे आणले जातात, तेही मरतात, आणि शेवटी टाकी अडगळीत जाऊन पडते. एवढ्या काळात मुले मात्र एक धडा शिकून गेलेली असतात. मासा ही मरणारीच वस्तू आहे आणि मेली की दुसरी विकत आणावी, हा तो धडा. आपण तो कोणत्याही पाठ्यक्रमात घातलेला नाही, तरी आपल्याच हातून तो दिला जातो. तो दिला जाऊ नये, यासाठी आजचे हे बोलणे आहे.

मी ज्या माशाविषयी बोलणार आहे तो सिक्लिड या कुळातला. नाव परके वाटेल, परंतु या कुळातील दोन मासे आपल्यापैकी कित्येकांच्या ओळखीचे आहेत. उजनी जलाशयाच्या परिसरात ज्याला चिलापी म्हणतात तो टिलापिया हा त्यांतला एक. सिंधुदुर्गाच्या व गोव्याच्या खाड्यांत मिळणारा कालुंदर हा दुसरा. कालुंदराच्या शास्त्रीय नावात सुरत शहराचा उल्लेख आहे. केरळात त्याला करीमीन म्हणतात, आणि २०१० साली केरळाने त्याला राज्याचा मासा म्हणून मान दिला. सिक्लिड कुळात सतराशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतील बहुतेक आफ्रिकेत आणि मध्य व दक्षिण अमेरिकेत आहेत. भारताच्या मूळच्या जाती मात्र तीनच. कालुंदर ही एक, कर्नाटकातील नद्यांत राहणारा त्याचा भाऊबंद ही दुसरी, आणि तिसरी जात म्हणजे आजचा आपला मासा, नारिंगी क्रोमाइड. मल्याळी लोक त्याला पल्लत्ती म्हणतात. दक्षिण भारत आणि श्रीलंका येथील खाजणांत, खाड्यांत व नद्यांच्या संथ पाण्यात तो राहतो. पूर्ण वाढला तरी आठ सेंटिमीटरांच्या आसपास भरतो. अंग पिवळसर नारिंगी, आणि कुशीवर एक काळसर ठिपका, असे त्याचे रूप आहे.

दुकानांतून मिळणाऱ्या परदेशी माशांपेक्षा हा मासा मी निवडला, याला दोन कारणे आहेत. पहिले कारण पाण्याचे. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील डिस्कससारख्या सिक्लिडांना मऊ व किंचित आम्ल पाणी लागते. आपल्याकडील पुष्कळ विहिरींचे पाणी जड असते. साबणाला फेस येत नाही आणि भांड्यावर पांढरे पुट चढते. त्या पाण्यात डिस्कसचे पिलू जगविणे म्हणजे खाऱ्या जमिनीत नागवेलीचा मळा लावण्यासारखे आहे. नारिंगी क्रोमाइडला मात्र असे जड पाणी मानवते. जे पाणी आपल्या दारी आहे त्याला साजेसा जीव आणावा. जिवासाठी पाणी बदलण्याच्या खटपटीत पडू नये, हा पहिला नियम समजावा. दुसरे कारण असे की, हा मासा आपल्या पिलांची जी काळजी घेतो ती पाहण्यासारखी आहे, आणि आपण काय करावे हे तीवरूनच शिकता येते.

ती काळजी अशी. नर व मादी मिळून दगडाची किंवा बुडालेल्या लाकडाची जागा स्वच्छ करतात. मादी तेथे दोन-तीनशे अंडी चिकटविते. मग दोघेही आळीपाळीने त्या अंड्यांवर पर हलवून सतत पाणी खेळते ठेवतात, म्हणजे अंड्यांना प्राणवायू मिळतो. जे अंडे खराब होते ते ती काढून टाकतात. थोड्याच दिवसांत अंडी फुटली की इवल्या पिलांना ती वाळूत उकरलेल्या खळग्यांत नेऊन ठेवतात. पिले पोहू लागली म्हणजे त्यांचा थवा आईबापांच्या भोवती घोटाळत राहतो, आणि कोणी परका जवळ आला तर ती दोघे त्याच्या अंगावर धावून जातात. एवढ्यावर हे संपत नाही. पिले मधूनमधून आईबापांच्या अंगाला हलकेच लागून जातात आणि त्यांच्या त्वचेवरील बुळबुळीत स्राव टिपून खातात. १९६७ साली वॉर्ड आणि बार्लो या दोन संशोधकांनी याच माशाच्या पिलांचे हे वर्तन तपशीलवार वर्णिलेले आहे. हीच पिले कालुंदराच्या अंगावरील परजीवीही टिपून त्याला साफ करतात, असेही १९७२ साली निदर्शनास आले. मासा म्हणजे भावनाशून्य, थंड रक्ताचा प्राणी, अशी आपली समजूत असते. तिला या लहानशा जिवाच्या संसाराने चांगलाच धक्का बसतो.

आता या आईबापांच्या कामांची मोजदाद केली तर ती तीन भरतात. पाणी शुद्ध व खेळते राखणे हे पहिले, शत्रूपासून राखण करणे हे दुसरे, आणि वेळच्या वेळी खाऊ घालणे हे तिसरे. दुकानातून आपण दोन सेंटिमीटर लांबीचे पिलू पिशवीत घालून घरी आणतो, तेव्हा ते या तिन्ही गोष्टींना पारखे झालेले असते. ते पोरके असते. ही तिन्ही कामे आता त्याला आणणाऱ्याकडे आली, हे ओळखले म्हणजे पुढील सर्व सूचना आपोआप सुचू लागतात. आपली चूक बहुधा येथेच होते. आपण तिसरे काम तेवढे उत्साहाने करतो, दुसऱ्याचा विचार करीत नाही, आणि पहिले तर आपल्याला ठाऊकच नसते.

म्हणून पाण्यापासून आरंभ करू.

साठ सेंटिमीटर लांब व तीस सेंटिमीटर रुंद अशी टाकी घ्यावी आणि तिच्यात पंचवीस सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी भरावे. हे पाणी पंचेचाळीस लिटर होते, आणि पंचेचाळीस लिटर पाणी म्हणजे पंचेचाळीस किलो वजन. ते पेलेल असे भक्कम व सपाट मेज पाहावे आणि टाकीखाली थर्मोकोलचा पत्रा घालावा, नाही तर तळाच्या काचेस तडा जातो. टाकी उन्हात ठेवू नये. एवढ्या टाकीत सहा पिले आरंभी पुरे होतात. हा मासा सोबतीने राहणारा आहे, यास्तव एकटे पिलू आणू नये. आणि स्वस्त मिळाली म्हणून वीसही आणू नयेत. पुढे ती वाढली म्हणजे त्यांना नव्वद सेंटिमीटर लांबीची टाकी लागेल, हे आजच मनाशी धरून चालावे.

पाण्यात जे दिसत नाही तेच पिलाला मारते. मासा आपल्या कल्ल्यांवाटे पाण्यात अमोनिया सोडीत असतो. उरलेले अन्न कुजले की त्यातूनही अमोनियाच होतो. पाणी काचेसारखे नितळ दिसत असता त्यात विष साठलेले असू शकते. नदीत किंवा तळ्यात हे विष साठत नाही, कारण तेथे पाण्याचा पसारा मोठा असतो आणि तळच्या दगड-मातीवर जीवाणू राहतात. जीवाणूंचा एक वर्ग अमोनियाचे नायट्राइट करतो, व दुसरा वर्ग नायट्राइटचे नायट्रेट करतो. नायट्राइट हेही विषच. ते रक्तात शिरले की रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते, आणि पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट मात्र बेताच्या प्रमाणात सोसते, आणि पाणी बदलताना निघून जाते.

नव्या टाकीत हे उपकारक जीवाणू नसतात. त्यांची वसती नीट जमावयास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून टाकी आज व मासे उद्या, असे करू नये. टाकीत वाळू, दोन-चार दगड आणि हवेच्या पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी बसवावी, पाणी भरावे, आणि चिमूटभर माशांचे खाद्य दर दिवशी टाकीत जावे. ते कुजून जीवाणूंना अन्न मिळते. कोणाची जुनी, निरोगी टाकी चालू असेल तर तिच्यातील स्पंजाचा तुकडा मागून आणावा. दह्याला विरजण लागते तसे हे विरजण आहे, आणि त्याने काम लवकर होते. मत्स्यविक्रेत्यांकडे पाणी तपासण्याचे थेंबांचे संच मिळतात. त्यांनी तपासता अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागली, म्हणजे टाकी पाहुण्यांसाठी तयार झाली असे समजावे.

एका शाळेत घडलेली हकीकत सांगतो; शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तपासणी व्हावयाची होती. आदल्या दिवशी मुलांनी मोठ्या हुरुपाने टाकी रिकामी केली, वाळू नळाखाली धुतली, स्पंज साबण लावून स्वच्छ केला, आणि नवे पाणी भरले. तपासणीच्या दिवशी टाकी आरशासारखी चकचकीत होती व सर्वांनी तिचे कौतुक केले. आठवड्याच्या अखेरीस तिच्यात एकही मासा जिवंत उरला नव्हता. धुऊन टाकलेल्या त्या बुळबुळीत थरातच माशांचे प्राण होते. स्वच्छता आणि चकचकीतपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात यावे.

मग पाणी बदलावे कसे? आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी पाचवा हिस्सा, म्हणजे सुमारे नऊ लिटर, तळाशी नळी धरून घाणीसह काढून घ्यावे. तेवढेच नवे पाणी हळूहळू ओतावे. स्पंज या काढलेल्या पाण्यातच दोन-तीनदा पिळून परत बसवावा. साबण त्याच्या वाऱ्यालाही नसावा. नव्या पाण्याविषयी एक सावधगिरी अवश्य पाळावी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, आणि ग्रामपंचायत विहिरीत टी. सी. एल. पावडर टाकते त्या दिवसांत विहिरीच्या पाण्यातही तो असतो. क्लोरीन पिलाचे कल्ले जाळतो आणि जीवाणूंनाही मारतो. पसरट भांड्यात पाणी उघडे ठेवून एक-दोन दिवसांनी वापरावे, किंवा मत्स्यविक्रेत्यांकडे मिळणारे हायपो त्यावरील सूचनेप्रमाणे घालावे. पावडर कोणत्या दिवशी पडणार याची चौकशी पंचायतीच्या शिपायाकडे करून ठेवणे सर्वांत उत्तम. या माशाला किंचित खारे पाणी चालते. लिटरामागे एक-दोन ग्रॅम मीठ घातल्यास नायट्राइटची बाधाही कमी होते.

पाण्याची ऊब पंचवीस ते अठ्ठावीस अंश राहावी. हिवाळ्याच्या रात्री ती खाली जाते, तेव्हा पन्नास वॅटचा तापक लावावा. उन्हाळ्यात निराळी अडचण येते. पाणी तापले की त्यात हवा कमी विरते. वीस अंशाच्या पाण्यात लिटरामागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर तीस अंशाला साडेसात मिलिग्रॅमच. अशा दिवसांत टाकीच्या तोंडावर काचेऐवजी जाळी घालावी, बाहेरून ओले फडके गुंडाळावे, आणि पंप अखंड चालू ठेवावा. बर्फाचे खडे टाकू नयेत. एकाएकी बदल झालेला पिलाला सोसत नाही.

खेड्यात वीज जाते, हेही गृहीत धरले पाहिजे. पंप बंद पडला की प्रथम खाद्य बंद करावे, कारण पचनाला प्राणवायू अधिक लागतो आणि उरलेले अन्न पाणी बिघडविते. नंतर दर अर्ध्या तासाने तांब्याभर पाणी टाकीतूनच घेऊन वीतभर उंचीवरून सावकाश धार धरावी. बॅटरीवर चालणारा लहान पंप मिळतो. परवडल्यास तो घ्यावा. टाकीत मासे थोडेच ठेवण्याची खरी किंमत अशा रात्री कळते.

दुसरे काम राखणीचे. पिले घरी आणल्यावर पिशवी तशीच टाकीत वीस मिनिटे तरंगत ठेवावी, म्हणजे दोन्ही पाण्यांची ऊब सारखी होते. मग पिशवीत टाकीचे पाणी थोडे थोडे घालीत जावे आणि तासाभराने पिले जाळीने उचलून टाकीत सोडावी. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये. पहिल्या दिवशी दिवा लावू नये, खाऊ घालू नये, आणि काचेवर टिचक्या मारू देऊ नयेत. पालथे कौल, नारळाची अर्धी करवंटी, पाणवनस्पतींचा झुबका असे आडोसे टाकीत असावेत. जे पिलू लपू शकते तेच पुढे निर्भयपणे बाहेर येते.

परका शत्रू टाकीत नसतो, परंतु भावंडे असतात. एका वयाची सहा पिले आणली तरी महिन्याभरात त्यांत एक धटिंगण व एक दुबळे निघतेच. धटिंगण खाद्यावर प्रथम झडप घालतो, अधिक वाढतो, आणि वाढला म्हणून अधिक खातो. दुबळे कोपऱ्यात राहते, पर मिटून घेते, रंगाने काळवंडते, त्याचे पोट खपाटीला जाते. हे चित्र आपल्याला अनोळखी नाही. आपल्या वर्गातही शेवटच्या रांगेत ते दिसते.

अशा पिलाकडे लक्ष जाताच आपण औषधाच्या बाटलीकडे धावतो. तसे करू नये. क्रमाने चौकशी करावी. प्रथम पाणी तपासावे. मग ऊब पाहावी. मग पाव तास टाकीपुढे स्वस्थ बसून त्याला कोण हुसकावते व त्याच्या वाट्याला घास येतो की नाही हे पाहावे. बहुतेक वेळा दुखणे येथेच सापडते, आणि उपायही येथेच असतो. टाकीच्या आतच कडेला जाळीची लहान पेटी अडकवावी व दुबळ्या पिलाला तीत ठेवावे. म्हणजे पाणी तेच राहते, सोबत दिसत राहते, आणि घास मात्र त्याचा त्याला मिळतो. दोन-तीन आठवड्यांत ते भरून आले की आडोशांची मांडणी बदलून त्याला पुन्हा इतरांत सोडावे. मांडणी बदलल्याने धटिंगणाची जुनी सरहद्द मोडते आणि सर्वांना नव्याने जागा शोधावी लागते. निदानावाचून टाकीत प्रतिजैविकांच्या कुप्या रिकाम्या करणे मात्र घातक होय. ज्या जीवाणूंवर पाणी अवलंबून आहे त्यांनाच ती औषधे मारू शकतात.

तिसरे काम आहाराचे. पिलाचे पोट त्याच्या डोळ्याहून फार मोठे नाही, असे समजून खाऊ घालावे. दिवसातून तीन-चार वेळा, दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. उरेल ते नळीने लगेच काढून घ्यावे. कोरडे खाद्य बोटांत चुरडून द्यावे, परंतु नाजूक पिलाला जिवंत अन्नाची सर कशालाच नाही. आर्टेमिया नावाच्या खाऱ्या पाण्यातील बारीक कोळंबीवर्गीय जिवाची सुकी अंडी मिळतात. लिटरभर पाण्यात पंचवीस ग्रॅम मीठ विरघळवून त्यात ही अंडी चिमूटभर टाकावी व पंपाची नळी सोडावी. एक ते दीड दिवसात नारिंगी रंगाचे सूक्ष्म जीव वळवळताना दिसतात. नळी बंद केली की टरफले वर येतात व जीव खाली जमतात. ते दाट फडक्यातून गाळून, गोड्या पाण्याने धुऊन पिलांना घालावे. अंड्यातून निघून नुकत्याच पोहू लागलेल्या क्रोमाइडच्या पिलांनाही हे अन्न बहुधा घेता येते.

रविवारी आणि सुटीतही पिलाला भूक लागते. मोठा मासा एक-दोन दिवस उपाशी राहू शकतो; कोवळे पिलू राहू शकत नाही. म्हणून पिले वाढविण्याची टाकी शाळेत न ठेवता शिक्षकाने आपल्या घरी ठेवावी, आणि मुलांनी आळीपाळीने तेथे यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मासे मोठे झाल्यावर ती टाकी शाळेत नेण्यास हरकत नाही.

येणाऱ्या मुलांना एक वही द्यावी. तारीख, पाण्याची ऊब, बदललेले पाणी, दिलेला आहार आणि जिवंत पिलांची संख्या तीत नोंदावी. टाकीच्या मागील काचेवर आलेखाचा कागद चिकटवला तर पिलाला हात न लावता त्याची लांबी साधारणपणे मोजता येते. कल्ले मिनिटात किती वेळा उघडतात हे मोजावे. एकाएकी वेग वाढला तर पाण्यात काही बिघडले आहे असा इशारा मिळतो. घनफळाचे उदाहरण, सरासरी, आलेख, निबंध, सर्व काही या वहीतून निघते. एखादे पिलू मेले तर ते मुलांच्या नजरेआड फेकून देऊ नये. संख्या खोडून कमी केलेली मुलांनी पाहावी, कारण शोधावे आणि तेही लिहावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आता एक गंभीर गोष्ट सांगून आटोपतो. मासे मोठे होतात, कधी त्यांची जोडी जमते, आणि दोन-तीनशे पिले होतात. ती सर्व आपल्या टाकीत मावणार नाहीत. अशा वेळी दयाबुद्धीने ती गावच्या ओढ्यात, विहिरीत किंवा तळ्यात सोडून देण्याचा मोह होतो. हा मोह कटाक्षाने टाळावा. मोझांबिक टिलापिया हा आफ्रिकेतील सिक्लिड १९५२ साली भारतात आणला गेला. हेतू चांगलाच होता. लवकर वाढणारे व स्वस्त अन्न लोकांना मिळावे असा. त्याची मादी अंडी व पिले तोंडात सांभाळते, त्यामुळे त्याची संख्या झपाट्याने वाढते. तळ्यांतून नद्यांत, नद्यांतून जलाशयांत तो पसरला आणि पुष्कळ ठिकाणी मूळच्या माशांच्या जागेवर व अन्नावर त्याने हक्क सांगितला. त्यावर आज अनेक कोळी बांधवांचा चरितार्थ चालतो, हेही खरे. परंतु पाण्यात एकदा सोडलेला जीव परत बोलाविता येत नाही, हेही तितकेच खरे. क्रोमाइड हा भारताचा असला तरी आपल्या गावच्या ओढ्याचा नव्हे. जोडी जमली असे दिसताच विक्रेत्याशी किंवा दुसऱ्या शाळेशी आधीच बोलून ठेवावे, अथवा अंडी असलेला दगड वेळीच काढून घ्यावा. टाकीतील जीव ओढ्यात जाणार नाही, ही प्रतिज्ञा मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावी.

बंधुभगिनींनो, या सर्व सूचनांचे सार एका वाक्यात सांगता येते. पिलू वाढविणे आपल्या हाती नाही. त्याचे पाणी राखणे आपल्या हाती आहे. ते आपले आपण वाढते. त्याला वारंवार हाताळून, भरमसाट खाऊ घालून किंवा औषधे पाजून ते लवकर मोठे होत नाही. आठवड्यातून दोनदा नऊ लिटर पाणी काढणे व नऊ लिटर घालणे, हे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही आणि त्याबद्दल कोणी शाबासकीही देत नाही. आपले शाळेतील नित्याचे कामही पुष्कळसे याच जातीचे आहे, हे मी आपणांस सांगावयास नको.

येत्या सत्रात आपल्यापैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी अशी एक टाकी घरी सिद्ध करावी. घाई करू नये. पहिले सहा आठवडे टाकीत मासा नसला तरी मुलांना पाणी तपासावयास शिकवावे. रिकाम्या दिसणाऱ्या पाण्यात काय चालले आहे हे ज्या मुलाला कळले, तो पुढे त्यात सोडलेल्या पिलाला सहजासहजी मरू देणार नाही. वर्षअखेरीच्या मेळाव्यास येताना आपण त्या वह्या बरोबर आणाव्यात, म्हणजे किती पिले जगली व जी गेली ती कशाने गेली याचा आपण सर्वांनी मिळून विचार करू.